‘सूर्योदयाच्या नावावर महागडा दिवा’: तुमच्या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एका ताऱ्याचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि सकाळी दुकान उघडल्यावर पुन्हा वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. माशांच्या चार फुटी प्लांटेड टाकीसाठी, म्हणजे खऱ्या पाणवनस्पती लावलेल्या टाकीसाठी, तुम्ही आमच्याकडून साडेअकरा हजारांचा, हळूहळू उजळणारा आणि हळूहळू मावळणारा सूर्योदय-सूर्यास्तवाला दिवा घेतलात. मागच्या आठवड्यात वळवाच्या पावसात रात्री लाइट गेली. पावणेदोनला आली तेव्हा तुम्हाला जाग आली, तर अख्खा हॉल दिवसासारखा उजळला होता. सकाळी टाकीमागे फरशीवर दोन डेनिसन बार्ब मासे मेलेले सापडले. त्याशिवाय दोन महिन्यांत काचेवर आणि पानांवर शेवाळ चढलं. तुमच्या शब्दांत, ‘हा सूर्योदय म्हणजे निव्वळ देखावा, चारशे रुपयांचा टायमर पुरला असता.’

माशांची चूक नव्हती, तुमचीही नव्हती. दोन्ही डेनिसन आमच्या चुकीने गेले.

दिव्याची वेळ आणि उजेड ठरवणाऱ्या त्या कंट्रोलरमधल्या घड्याळाला स्वतःचा सेल नाही. वीज गेली की त्यातली वेळ पुसली जाते. वीज आली की ते १२:०० पासून मोजायला लागतं आणि ते दुपारचे बारा धरतं. दुपारी बाराला प्रकाश शंभर टक्के ठेवलेला होता, म्हणून पावणेदोनच्या काळोखात तुमच्या टाकीत शंभर टक्के प्रकाश पडला. पुण्यात पावसाळ्याच्या तोंडावर लाइट जाते हे मला नवीन नाही, गेली कित्येक वर्षं मी इथेच धंदा करतोय. विकण्याआधी प्लग एकदा काढून परत लावून पाहिला असता तरी हे दिसलं असतं. मी तो पाहिला नाही.

दुसरी चूक झाकणाची. टाकी उघडी छान दिसते म्हणून तुम्हाला वरची जाळी नको होती आणि मी फार आग्रह धरला नाही. डेनिसन हा आपल्याच पश्चिम घाटातला, केरळ-कर्नाटकातल्या वाहत्या ओढ्यांतला मासा. त्याच्या प्रजातीचं (जीनसचं) शास्त्रीय नावच ‘सह्याद्रिया’ आहे. हा मासा झुंडीने राहतो, सुसाट पोहतो आणि घाबरला की वर उसळतो. निसर्गात तो आता धोक्यात आलेल्या माशांमध्ये गणला जातो. असा मासा विकताना जाळीशिवाय टाकी देणार नाही, हे मी ठामपणे सांगायला हवं होतं.

आता देखाव्याबद्दल. इथे मात्र मला तुमच्याशी वाद घालायचा आहे, कारण हा विषय माझ्या जिवाभावाचा आहे.

माशाला पापणी नसते. बहुतेक माशांच्या डोळ्यातली बाहुलीही आपल्यासारखी प्रकाश पाहून झटकन लहान होत नाही. उजेडाशी जुळवून घ्यायला त्यांच्या डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी आणि त्यांच्यामधलं काळं रंगद्रव्य प्रत्यक्ष जागा बदलतं, अंधारातल्या पेशी आत दडतात आणि उजेडातल्या पुढे येतात. या हालचालीला वीस मिनिटांपासून तासभर लागतो. नदीत तेवढा वेळ मिळतो, कारण झुंजूमुंजू होण्यापासून उन्हं वर येईपर्यंत प्रकाश टप्प्याटप्प्याने वाढतो. टायमरने एका क्षणात दिवा लागला तर तो डोळा अजून रात्रीचाच असतो. निऑन टेट्रा सैरभैर होऊन काचेवर आपटतात, एंजल कोपऱ्यात दबून बसतात, ते याच कारणाने. तुमच्या टाकीत त्या रात्री जे घडलं तेच याचं सगळ्यात वाईट उदाहरण आहे, आणि ते आमच्या दिव्यामुळे घडावं याचं मला जास्त लागलं.

माझ्या मते संध्याकाळ तर सकाळहूनही महत्त्वाची. दिवा फटकन बंद झाला की मासे जिथे असतील तिथेच अडकतात, झोपायच्या जागेपर्यंत पोचत नाहीत. तिन्हीसांज हळूहळू होऊ दिली की झुंड आपोआप खाली, झाडांच्या आडोशाला सरकते. तुमच्या टाकीत मागच्या बाजूला लिम्नोफिला लावलाय ना, त्याचे शेंडे एकदा नीट पाहा. दिवा मावळायच्या आधीच ते पानं मिटून घेतात. रोज त्याच वेळी उजाडलं आणि मावळलं की झाडाला वेळ पाठ होते. मला आजही ते बघत उभं राहावंसं वाटतं.

तरीही तुमच्या टायमरच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मी धंद्याचा विचार न करता सांगतो. साधा टायमर असला तरी टाकीचा दिवा लागायच्या अर्धा-पाऊण तास आधी खोलीतली ट्यूब लावली किंवा पडदा उघडला, आणि टाकीचा दिवा विझल्यावर ट्यूब तासभर चालू ठेवली, तर माशांच्या डोळ्यांचं काम बऱ्यापैकी भागतं. सूर्योदयाचा केशरी-लाल रंग नुसता दिखाऊ आहे असं तुम्ही लिहिलंय, तेही बरोबर. दीड फूट पाण्यात तो रंग मुख्यतः आपल्यासाठी असतो. माशाला हवा असतो तो संथपणा.

आणि तो संथपणाही आम्ही नीट लावून दिला नव्हता. आमच्या दुकानातल्या मुलाने तासाभरात शून्यापासून शंभरपर्यंत सरळ रेषेत प्रकाश चढवला. कागदावर हे बरोबर दिसतं, पण डोळ्याला तसं दिसत नाही. काळोखात एक टक्क्याचे दोन टक्के झाले तर उजेड दुप्पट होतो. पन्नासचे एक्कावन्न झाले तर कळतही नाही. म्हणून सुरुवात अतिशय हळू हवी, पहिल्या पंधरा मिनिटांत जेमतेम ६ टक्के, अर्ध्या तासाला २५ आणि मग भराभर वर. त्यात काही दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारे भाग, अगदी कमी टक्क्यांवर पेटतच नाहीत, मग चार-पाच टक्क्यांवर एकदम उजळतात. तुमचा ड्रायव्हर तसा आहे का ते घरी येऊन पाहीन आणि असला तर बदलून देईन.

शेवाळाचं कारण वेळेत आहे. तुम्ही संध्याकाळी सातला घरी येता आणि तेव्हा टाकी उजळलेली हवी, म्हणून सकाळी सहा ते रात्री नऊ असं लावलं गेलं. त्यातले तेरा तास पूर्ण प्रकाश, वर दोन्ही बाजूंना एकेक तास. पुण्यात जूनमधला दिवससुद्धा १३ तासांच्या थोडाच वर असतो, डिसेंबरात साधारण ११. त्यातही नदीचं पात्र झाडीखाली असतं. नव्या प्लांटेड टाकीला सहा ते आठ तास पुष्कळ झाले. मासे आपलं घड्याळ पाळत नाहीत, दिवस रोज त्याच वेळी सुरू झाला की त्यांना पुरतं. तेव्हा उजाडायला दुपारी एकला सुरुवात करू, दोन ते आठ पूर्ण प्रकाश ठेवू आणि नऊपर्यंत मावळू देऊ. झाडांसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणारी विजेची झडप, म्हणजे सीओटूचा सोलेनॉइडही, त्याच हिशोबाने दुपारी एकला उघडेल आणि आठला बंद होईल.

दिव्यातल्या रात्रीच्या निळ्या ‘चंद्रप्रकाशा’बद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण फोटोत तो रात्रभर चालू दिसतोय. पौर्णिमेचा खरा चंद्र जमिनीवर पाव लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड देतो, आपले निळे दिवे त्याच्या कितीतरी पट असतात. माशांना खरा काळोख लागतो. झेब्रा डॅनिओसारखे मासे अंडी घालतात ती अंधारी रात्र संपून उजाडतं तेव्हाच. सूर्यास्तानंतर अर्धा-पाऊण तास निळा ठेवा, तुम्हालाही बघायला मिळेल, पण मग पूर्ण बंद.

कंट्रोलर आम्ही बदलून देतोय, पैसे न घेता. नव्यात बटण सेलवर चालणारं घड्याळ आहे आणि ते वर्षाला मिनिटभराहून जास्त चुकत नाही. वीज परत आल्यावर तो प्रकाश एकदम न देता वीस मिनिटांत चढवतो. तीन वेळा प्लग काढून लावून पाहिलाय. जुन्या मॉडेलचे जेवढे दिवे आम्ही विकले त्या सगळ्यांना आजपासून फोन करतोय. ते मॉडेल दुकानातून काढलंय. दिवाच नको असेल तर पूर्ण साडेअकरा हजार परत देईन. दोन डेनिसनचे पैसेही देईन, पण नवे मासे जाळी बसेपर्यंत देणार नाही. शनिवारी सकाळी जाळीचं माप घ्यायला मी स्वतः येतो, वेळ तेवढी कळवा.

तोवर आज एवढं करा सर: निळा दिवा रात्री बंद ठेवा, कंट्रोलरऐवजी तो साधा टायमर लावा, दुपारी दोन ते आठ, आणि टाकीवर एखादी जुनी मच्छरदाणी घट्ट ताणून बांधा.