घरात दोन राउटर आहेत म्हणून नॅस (घरातला फाइल सर्व्हर) बाहेरून उघडत नाही, हे खरं नाही

घरच्या नेटवर्कची कामं करताना हल्ली एक मेसेज सारखा समोर येतो. लोक तो जपून ठेवतात, त्यातलं एकेक करून बघतात आणि काहीच जमलं नाही की फोन करतात. मजकूर थोडक्यात असा: “घरातला फाइल सर्व्हर बाहेरून उघडत नाही? कारण एकच, दोन राउटर, म्हणजे डबल नॅट. दोन राउटर असताना बाहेरून आत येणं अशक्य. दुसरा राउटर काढून टाका. काढता येत नसेल तर सर्व्हरचा आयपी डीएमझेडमध्ये टाका, फायरवॉल बंद करा, ४४५ पोर्ट उघडा. डीडीएनएसचं नाव घ्या. तरी नाही झालं तर स्टॅटिक आयपी विकत घ्या, शंभर टक्के चालणार.”

यातल्या काही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत. डीएमझेड (बाहेरून आलेलं सगळं एकाच पत्त्याकडे पाठवण्याची सोय) आणि फायरवॉल (नको ते अडवणारा पहारा) यांबद्दलचा सल्ला मात्र एखाद्याचा वर्षानुवर्षांचा डेटा घालवू शकतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सांगलीजवळ लग्नाचे फोटो काढणारे माझे एक परिचित आहेत. खाली हॉलमध्ये नेटवाल्याने लावलेला फायबरचा डबा, तोच पहिला राउटर. वर स्टुडिओत रेंज येत नाही म्हणून तिथे दुसरा राउटर, आणि त्याला जोडलेला दोन डिस्कचा नॅस. त्यांनी मेसेजातलं जवळजवळ सगळं करून ठेवलं होतं. डीएमझेड चालू, फायरवॉल बंद, डीडीएनएसचं (बदलत्या पत्त्याला जोडलेलं पक्कं) नाव घेतलेलं. “अहो, घरात झकास चालतंय, बाहेर पडलं की बंद,” एवढंच ते सांगत होते.

पहिला दावा: दोन राउटर असताना बाहेरून येणं अशक्य. नाही. नॅट म्हणजे काय ते आधी बघू. आतल्या खाजगी पत्त्यांच्या बदल्यात राउटर बाहेर स्वतःचा एकच पत्ता दाखवतो. आतून कुणी बाहेर गेलं की त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की नोंद बघून ते आत पोचवतो. बाहेरून आपणहून आलेल्या डेटाच्या पाकिटाची नोंदच नसते, म्हणून ते टाकून देतो. पोर्ट म्हणजे पत्त्यावरच्या एकेका सेवेच्या दाराचा क्रमांक, आणि पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे ती नोंद आपण आधीच लिहून ठेवणं. राउटर दोन असतील तर नोंदीही दोन लागतात. त्यांच्या घरी बाहेरचा राउटर, म्हणजे खालचा डबा, १९२.१६८.१.१ होता. त्याने आतल्या राउटरला १९२.१६८.१.५ हा पत्ता दिला होता. आतला राउटर स्वतःच्या बाजूला १९२.१६८.०.१ आणि नॅस १९२.१६८.०.२०. म्हणजे बाहेरच्या राउटरवर पोर्ट १९२.१६८.१.५ कडे पाठवायचं आणि आतल्या राउटरवर तेच पोर्ट १९२.१६८.०.२० कडे. बहुतेक जण फक्त आतल्या राउटरवर नोंद करतात आणि थांबतात. नाहीतर बाहेरच्या राउटरवर थेट १९२.१६८.०.२० लिहितात, पण हा पत्ता कुठे आहे हे त्या राउटरला माहीतच नसतं. यूपीएनपीवर (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडून देणारी सोय) विसंबलात तरी हेच होतं: नॅस आतल्या राउटरकडून पोर्ट उघडून घेतो, पण बाहेरच्या राउटरपर्यंत ते पोचत नाही.

दोन्ही नोंदी केल्यावर दोन्ही पत्ते पक्के करायला हवेत. राउटरच्या डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याच्या) पानावर आरक्षणाची सोय असते, तिथे पत्ता बांधून टाका. नाहीतर एके दिवशी लाइट जाऊन येते, आतल्या राउटरला १.५ ऐवजी १.७ मिळतो आणि काल चाललेलं आज बंद पडतं. दोन्ही राउटरचा आतला पत्ता एकच, म्हणजे १९२.१६८.१.१, असेल तर मात्र खरोखर घोळ होतो, कारण आतल्या राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच पत्तामालिका येते. काही राउटर ते ओळखून आपली मालिका आपोआप बदलतात, काही बदलत नाहीत. आतल्या राउटरची मालिका वेगळी केली की हा प्रश्न मिटतो.

“दुसरा राउटर काढून टाका” या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. एकच नॅट असणं सोपं असतं, ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांना त्याचा फायदाही होतो. पण त्यासाठी राउटर काढावा लागत नाही. आतला राउटर ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पुरवणारा डबा) म्हणून लावता येतो: त्याचा डीएचसीपी बंद करायचा, त्याचा स्वतःचा पत्ता बाहेरच्या राउटरच्या मालिकेतला मोकळा पत्ता ठेवायचा आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पोर्टऐवजी लॅन (आतल्या बाजूच्या) पोर्टमध्ये घालायची. किंवा नेटवाल्याकडून बाहेरचा डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नॅट न करता नेट नुसतं पुढे पाठवेल असा, टाकून घ्यायचा. तेव्हा पीपीपीओई (नेट सुरू करायचं लॉगिन) असेल तर त्याचं नाव आणि पासवर्ड हातात हवा, काही ठिकाणी व्हीलॅनचा आकडाही लागतो. त्याच डब्यावर लँडलाइन चालत असेल तर ब्रिज करण्याआधी ती चालू राहील ना, हे विचारून घ्या.

आणि इथेच मेसेजातली सगळ्यात मोठी चूक आहे. अनेक घरांत खरा अडथळा घरातल्या दुसऱ्या राउटरचा नसतो, कंपनीकडच्या राउटरचा असतो. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते जेमतेम ४२९ कोटी. जगाचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. त्यामुळे कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची एक वेगळी मालिका राखून ठेवली गेली. तुमच्या घरातला दुसरा राउटर तुम्ही फेकून दिला तरी कंपनीकडचा नॅट तिथेच राहतो. त्यावर नोंद करण्याची सोय तुमच्या हातात नसते.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. बाहेरच्या राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट या शीर्षकाखालचा पत्ता बघा. मग त्याच नेटवरून आपला आयपी दाखवणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही पत्ते एकच असतील तर तुमच्याकडे पब्लिक आयपी आहे आणि दोन नोंदी करून काम होईल. राउटरवर १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसतोय आणि साइटवर वेगळाच, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. पोर्ट फॉरवर्डिंगवर संध्याकाळ घालवण्याआधी हे बघा. मी स्वतः सुरुवातीच्या काळात हे न बघता कित्येक तास घालवलेत. एक खबरदारी: फोनवर टेलस्केल (आपली यंत्रं इंटरनेटवरून एकमेकांना जोडणारं ॲप) असेल तर त्याचा स्वतःचा पत्ताही याच १०० च्या मालिकेतला असतो. तो बघून घाबरू नका, राउटरच्या पानावरचाच पत्ता धरा.

आता डीएमझेड. हा शब्द दोन ठिकाणी दोन वेगळे अर्थ घेऊन येतो आणि मेसेजात ते सांगितलेलं नाही. बाहेरच्या राउटरवर डीएमझेडमध्ये आतल्या राउटरचा पत्ता टाकला, तर बाहेरून येणारं सगळं आतल्या राउटरकडे जातं. त्याची स्वतःची फायरवॉल शाबूत असते. ही रीत वाईट नाही, काही डब्यांवर दुसरा इलाजच नसतो. पण आतल्या राउटरवर डीएमझेडमध्ये नॅसचाच पत्ता टाकायचा म्हणजे नॅसची सगळी पोर्टं इंटरनेटवर उघडी ठेवायची. त्यात फायरवॉल बंद. फोटोग्राफर परिचितांनी हेच केलं होतं. बाहेरच्या राउटरवर नोंद नव्हती म्हणून त्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नाही.

४४५ हे विंडोजच्या फाइल शेअरिंगचं पोर्ट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय याच मार्गाने पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचं काम ठप्प झालं. मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती लावली नव्हती ते सापडले. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे नॅस गाठून फाइली कुलूपबंद केल्या. त्याआधी जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलचे जुने माय बुक लाइव्ह इंटरनेटवरून रिसेट केले गेले, लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो एका रात्रीत पुसले गेले. यातल्या कुणालाही खास लक्ष्य केलेलं नव्हतं. उघडी पोर्टं शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात, सांगलीतलं घर त्यांना न्यूयॉर्कइतकंच जवळ आहे. शिवाय कित्येक इंटरनेट कंपन्या ४४५ वाटेतच अडवतात, त्यामुळे सगळा धोका पत्करूनही ते पोर्ट अनेकदा चालतच नाही.

म्हणून उघडायचंच असेल तर एकच पोर्ट उघडा, आणि ते व्हीपीएनचं, म्हणजे घरापर्यंतच्या कुलूपबंद बोगद्याचं. वायरगार्ड हा असाच एक व्हीपीएन, तो सहसा यूडीपी ५१८२० या पोर्टवर चालतो. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे शोधत फिरणाऱ्या प्रोग्रामला तिथे काही आहे हेही कळत नाही. सीजीनॅट असेल तर टेलस्केल किंवा झिरोटिअरसारखी सोय वापरा. त्यात नॅस आणि फोन दोघंही आतून बाहेर जाऊन एकमेकांना गाठतात, म्हणून कुठल्याच राउटरवर नोंद करावी लागत नाही. थेट जोडणी जमली नाही तर डेटा मधल्या सर्व्हरवरून जातो, मग वेग कमी मिळतो. आयपीव्ही६ चा (पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा) पर्यायही आहे, पण दोन राउटरच्या घरात तो बऱ्याचदा बाहेरच्या डब्यापाशीच अडतो, कारण डबा आतल्या राउटरला पत्त्यांचा वेगळा संच देत नाही.

डीडीएनएस घेतलं की झालं, हाही समज आहे. डीडीएनएस फक्त नावाला पत्ता जोडून देतं, दार उघडत नाही. आणि दोन राउटर असताना त्यात एक सापळा आहे. परिचितांनी ते आतल्या राउटरवर लावलं होतं. आतला राउटर स्वतःच्या वॅनचा पत्ता कळवतो, म्हणजे १९२.१६८.१.५. मोबाइलवरून ते नाव शोधलं तर खरोखर हाच खाजगी पत्ता आला. डीडीएनएस बाहेरच्या राउटरवर लावा किंवा बाहेरचा पत्ता शोधून कळवणारी सोय निवडा.

स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपीबद्दल एवढंच: तुम्हाला हवा तो पब्लिक आयपी. तो अधूनमधून बदलला तरी डीडीएनएस त्याच्या मागे राहतं. सीजीनॅटवर असाल आणि कंपनी पब्लिक पत्ता स्टॅटिकच्या नावाखालीच देत असेल तर जरूर घ्या. पण पैसे भरून पत्ता आला तरी दोन्ही राउटरवरच्या नोंदी करायच्या राहतातच.

परिचितांच्या घरी बाहेरचा पत्ता खरा पब्लिक निघाला. मी डीएमझेड काढलं, फायरवॉल चालू केली, आतल्या राउटरवर वायरगार्ड लावला आणि बाहेरच्या राउटरवर एकच नोंद केली. व्हीपीएन राउटरवरच असल्याने दुसरी नोंद लागली नाही. मग फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तपासलं. ही तपासणी घरच्या वायफायवरून करू नका. आतून निघून आपल्याच बाहेरच्या पत्त्यावर परत येणं काही राउटरना जमतं, काहींना नाही, त्यामुळे त्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. वायरगार्ड जोडला गेला. आतल्या राउटरचं पान उघडलं. नॅस मात्र नाही.

नॅसच्या नेटवर्क पानावर गेलो. आयपी पत्ता हाताने भरलेला, सबनेट मास्क भरलेला आणि त्याखाली डिफॉल्ट गेटवेची (मालिकेबाहेरचं ज्याच्या हाती द्यायचं त्या राउटरच्या पत्त्याची) चौकट रिकामी. घरातला लॅपटॉप त्याच मालिकेत असल्याने त्याला गेटवे लागत नव्हता, म्हणून घरात सगळं सुरळीत होतं. व्हीपीएनवरून आलेला फोन दुसऱ्या मालिकेतला, त्याला उत्तर कुणाच्या हाती पाठवायचं हेच नॅसला कळत नव्हतं. नॅसचे अपडेट कित्येक महिने आले नव्हते, तेही याच कारणाने. चौकटीत १९२.१६८.०.१ भरलं, सेव्ह केलं आणि फोनवर फोल्डरांची यादी आली. काही नॅसच्या फायरवॉलमध्ये फक्त घरच्या मालिकेला परवानगी असते, तिथे व्हीपीएनची मालिकाही जोडावी लागते. विंडोजचा संगणक फाइल सर्व्हर म्हणून वापरत असाल तर त्याच्या फायरवॉलमध्येही हेच बघावं लागतं.

पंधरा दिवसांनी त्यांचा कोल्हापूरच्या एका कार्यालयातून फोन आला. फोटो उघडत होते, पण मोठ्या फाइली रेंगाळत होत्या. त्यांच्या प्लॅनचा अपलोड वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी आहे आणि बाहेर बसून घरची फाइल उघडताना घरचा अपलोडच वापरला जातो. पुढच्या वेळेस प्लॅन बदलताना दोन्ही आकडे विचारून घ्या, असं त्यांना सांगितलं. राउटर दोनच आहेत अजून.