‘सरासरी काढली की झालं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या इंदूरच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, दहावीचं स्टॅटिस्टिक्स दोन मिनिटांत असं काहीतरी. त्यात म्हटलंय की सरासरी म्हणजे निम्मे वर निम्मे खाली, मीडियन म्हणजे यादीतला मधला आकडा, मोड (सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा) वेगळा काढूच नका कारण तो कायम ३ मीडियन वजा २ मीन (मीन म्हणजे सरासरीच) असतो, आणि दोन बॅचच्या सरासरींची सरासरी म्हणजे सगळ्यांची सरासरी. रामबागेत माझ्याकडे ट्युशनला येणारा एक मुलगा हे सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवून आला म्हणून बसून लिहितेय, कारण चारही गोष्टी चूक किंवा अर्धवट आहेत.

पहिली गोष्ट, निम्मे वर निम्मे खाली. सराफ्यातलं एक दुकान धरा, सात माणसं, महिन्याचे पगार हजारांत ९, १०, १०, ११, १२, १४ आणि मॅनेजरचा ६०. बेरीज १२६, भागिले ७, सरासरी १८. आता बघा, सातातल्या सहा जणांना १८ पेक्षा कमी मिळतंय! एकट्या ६० ने सरासरी वर ओढली. निम्मे वर निम्मे खाली हे काम मीडियनचं, तो इथे ११ येतो, आणि या दुकानात नोकरी मागायला जाणाऱ्या पोराला १८ नाही, ११ सांगायला पाहिजे.

मधला आकडा, हे अर्धं बरोबर आहे, पण आधी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावा हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाहीये. रजिस्टरमध्ये तेच पगार १२, १०, ६०, ९, १४, १०, ११ असे लिहिलेले असले तर मधला ९ येईल, म्हणजे दुकानातला सगळ्यात कमी पगार. आणि १३ हजारांवर आठवा माणूस लागला तर मधले दोन होतात, ११ आणि १२, त्यांची सरासरी ११.५. आपल्या मुलांचा अजून एक घोळ होतो तो शब्दांचा, शाळेत हिंदीतून माध्य आणि माध्यक, आणि घरी महाराष्ट्रातलं पुस्तक उघडलं की मध्य आणि मध्यक. मध्य म्हटलं की मुलाला मधला वाटणारच, पण मध्य म्हणजे मीन, मधला तो मध्यक. त्यामुळे मी तर सरळ मीन-मीडियनच म्हणते.

आता तो फॉर्म्युला, याचा मला खरंच राग आलाय कारण मुलं डोळे मिटून लावतात. त्याच दुकानाला लावा, ३ गुणिले ११ म्हणजे ३३, वजा २ गुणिले १८ म्हणजे ३६, उत्तर उणे ३. उणे तीन हजार पगार! खरा मोड समोर दिसतोय, १०, तोच दोनदा आलाय. हा संबंध संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनच्या नावाने ओळखला जातो आणि तो अंदाजाचा आहे, डेटा फार एका बाजूला कललेला नसेल तेव्हा जवळपास बसतो. वहीतलं गणित बघा, मार्क ०-१०, १०-२०, २०-३०, ३०-४०, ४०-५० आणि मुलं अनुक्रमे ४, ८, १४, ९, ५. मीन २५.७५, मीडियन २५.७१, मोड त्याच्या स्वतःच्या फॉर्म्युल्याने २५.४५, आणि शॉर्टकटने २५.६४. जवळ आहे, पण तेच नाही. (आणि मोड नसेल तर ० लिहू नका, ‘मोड नाही’ लिहा, ० हा पण एक आकडाच आहे.)

याच गणितात त्या मुलाचा मीडियन मात्र १५.७१ आला होता. एकूण ४०, निम्मे २०, मीडियनचा वर्ग २०-३० हे त्याने बरोबर शोधलं, पण सीएफ (संचयी वारंवारता, म्हणजे त्या वर्गापर्यंतची एकूण मुलं) त्याच वर्गाचा २६ घेतला, घ्यायचा असतो आधीच्या वर्गापर्यंतचा, म्हणजे १२. मग २० अधिक (२० वजा १२) भागिले १४ गुणिले १०, झाले २५.७१. मी त्याला एवढंच विचारलं की २०-३० मधलं उत्तर १५ कसं येईल रे, आणि त्याने स्वतःच खोडलं. उत्तर वर्गाच्या बाहेर गेलं की सीएफ तपासा, ही सवय मुलांना घरी लावा.

राहिली सरासरीची सरासरी. सकाळच्या बॅचमध्ये १० मुलं, सरासरी ८०, संध्याकाळी ४० मुलं, सरासरी ५०. मेसेजप्रमाणे ६५. पण एकूण मार्क ८०० आणि २०००, म्हणजे २८००, भागिले ५०, येतात ५६. ६५ फक्त दोन्हीकडे सारखी मुलं असती तरच आले असते.