डॅनियल बून एकटा पश्चिमेकडे गेला नव्हता

अमेरिकेच्या इतिहासावरच्या मजकुरात एक गोष्ट हमखास फिरते: डॅनियल बून या अठराव्या शतकातल्या नावाजलेल्या शिकारी-वाटाड्याला शेजार सोसवेना, म्हणून तो बंदूक घेऊन एकटाच पश्चिमेला जात राहिला. हे खरं नाही. शिकारीला तो महिनोन्‌महिने एकटा राहिला, पण वस्ती हलली ती सोयऱ्याधायऱ्यांसकट.

पेनसिल्व्हेनियातलं बून कुटुंब 1750 च्या सुमारास नॉर्थ कॅरोलिनातल्या यॅडकिन खोऱ्यात आलं. ब्रायन कुटुंब तिथे आधीच स्थिरावलं होतं. 1756 मध्ये डॅनियलचं रिबेका ब्रायनशी लग्न झालं. त्याचा भाऊ एडवर्ड याने रिबेकाची बहीण मार्था केली. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या. डॅनियलची बहीण मेरी रिबेकाच्या काकाला, विल्यम ब्रायनला दिलेली. म्हणजे नणंद तीच काकू! पुढे केंटकीत बून्सबरो ही बूनची वस्ती उभी राहिली, तशी लेक्सिंग्टनजवळ ब्रायन्स स्टेशन ही ब्रायन कुटुंबाची तटबंदी वस्तीही.

1799 मध्ये डॅनियल मिसुरीला गेला, तेव्हा मुलगा डॅनियल मॉर्गन तिथे आधीच पोचला होता. जेसी आणि नेथन या मुलांच्या बायका व्हॅन बिबर घराण्यातल्या. जेसीचा मुलगा अल्बर्ट त्याही पुढे कोलोरॅडोत गेला. तिथलं बून गाव त्याच्याच नावाचं.

आडनाव बून म्हणून डॅनियलचा वंशज, हेही धरून चालू नये. त्याला भावंडंच दहा होती. माग काढायचा तर बायकांची माहेरं आधी तपासावीत.