भीती जहाजाची नसते, पाण्याची असते

‘समुद्रावरचा भयपट म्हणजे पाण्यात ढकललेली भुताची हवेली. तेच अंधारे बोळ, तेच करकरणारे दरवाजे. समुद्र नुसता देखाव्यापुरता.’ भयपटांचा विषय निघाला की हे मत हमखास ऐकू येतं. मला ते साफ चुकीचं वाटतं.

हवेलीतून पळता येतं. दार तोडा, गावाच्या दिशेने धावत सुटा. जहाजावरून उडी मारली तर पाय टेकणार कुठे? 1989 च्या ‘डेड काम’मध्ये भूतच नाही. नवरा एका बुडत्या जहाजाच्या तळाशी अडकलाय, पाणी छताला भिडत चाललंय, तो एका नळीतून श्वास घेत तगून आहे. आणि बायको दुसऱ्या नौकेवर एका खुन्यासोबत त्याच्यापासून लांब लांब चाललीय. ही गोष्ट जमिनीवर आणून दाखवा बरं!

‘राक्षस नसेल तर यात उरतं काय?’ 2003 चा ‘ओपन वॉटर’ बघा. होडीवाल्यांचा माणसं मोजताना घोळ होतो आणि दोन डायव्हर मागे राहतात. शार्क आहेत, तेही खरेखुरे. पण ते येण्याआधीच रिकामं क्षितिज पाहून पोटात गोळा येतो.

‘जॉज’बद्दल (1975) तर सर्रास म्हटलं जातं की यांत्रिक शार्क बिघडला म्हणून सिनेमा नशिबाने जमला. हे अर्धसत्य आहे. दिग्दर्शक स्पीलबर्गने स्टुडिओतल्या पाण्याच्या टाकीत नव्हे, खऱ्या अटलांटिकमध्ये चित्रीकरण करायचं ठरवलं. खाऱ्या पाण्याने शार्क बिघडला तो त्याच निर्णयामुळे, आणि पडद्यावर तो अथांग समुद्र मिळाला तोही त्याच निर्णयामुळे. चौकटीत एखादी शिडाची होडी शिरली तर ती निघून जाईपर्यंत थांबावं लागे, कारण मदत जवळ आहे असं वाटलं की भीती गेलीच. आणि ती पिवळी पिंपं! शार्कला दोराने अडकवलेलं पिंप पाण्यावर धावताना दिसतं आणि क्षणात खाली ओढलं जातं. शार्क दिसतही नाही, पण त्याची ताकद कळते. ही नशिबाची नव्हे, दिग्दर्शकाची करामत.

वाईट सिनेमे आहेत, भरपूर आहेत. 2002 चा ‘घोस्ट शिप’ सुरुवातीच्या, डेकवर नाचणाऱ्यांना कापत जाणाऱ्या तारेच्या प्रसंगानंतर बोळांतच फिरत बसतो. आपल्याकडचा ‘भूत: द हाँटेड शिप’ (2020) मला जास्त खटकला, कारण त्यामागची घटना अस्सल होती. जून 2011 मध्ये ‘एम. व्ही. विस्डम’ हे मोडीत काढायला कोलंबोहून अलंगला ओढून नेलं जाणारं जहाज दोर तुटून भरकटलं आणि जुहूच्या किनाऱ्याला लागलं. आत एकही माणूस नव्हता. सिनेमात मात्र जहाज बहुतेक वेळ वाळूत रुतलेलं. नायक रात्री आत जातो आणि पुन्हा घरी येतो. तिथे ती हवेलीच झाली, हे मान्य. पण हा दोष समुद्र सोडून दिल्याचा आहे. पावसाळी समुद्रात चालवणारं कोणी नसताना ते जहाज मुंबईच्या दिशेने येत होतं, ते तास मला पडद्यावर पाहायचे होते.