डॅनी बॉइल ‘आपली गरिबी विकून मोठा झाला’ हे फॉरवर्ड करणं आता थांबवा

आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. मला तो तीन ग्रुपवर आला, तिन्ही वेळा मी वाचून सोडून दिला. पण परवा तो माझ्या भाचीच्या एकांकिकेच्या ग्रुपवर पोचला आणि रात्री साडेअकराला तिचा फोन, “मावशी, तो फ्रँकेन्स्टाइनवाला डॅनी बॉइल हाच का गं? कारण आमच्यातले दोघं म्हणतायत की असल्या माणसाकडून काही घ्यायचं नाही, सुरुवात बदला.” त्यांच्या एकांकिकेची पहिली चार मिनिटं बिनशब्दांची आहेत, एक मुलगा जमिनीवरून उठायला शिकतो एवढंच, आणि ती कल्पना तिला बॉइलच्या फ्रँकेन्स्टाइन नाटकावरून सुचली होती. महिनाभर पोरं त्यावर घाम गाळतायत आणि आता एका फॉरवर्डमुळे ती चार मिनिटं जाणार. म्हणून लिहितेय.

फॉरवर्डमध्ये थोडक्यात असं आहे: डॅनी बॉइल हा ब्रिटिश दिग्दर्शक २००८ पर्यंत कोणालाही माहीत नव्हता, स्वतःच्या देशातली घाण त्यानं कधी दाखवली नाही, मुंबईत येऊन ‘स्लमडॉग मिलियनेअर’ सिनेमात आपला संडास दाखवला आणि आठ ऑस्कर नेले, झोपडपट्टीतल्या मुलांना फुटकी कवडी दिली नाही, भारताची बदनामी केल्याचं बक्षीस म्हणून राणीनं त्याला ‘सर’ केलं, आणि त्यानंतर त्याचं एकही काम चाललं नाही.

कोणाला माहीत नव्हता, हे आधी बघू. मँचेस्टरजवळच्या रॅडक्लिफ गावातला, आयरिश कॅथलिक कामगार घरातला मुलगा, १९५६ चा जन्म. आधी जॉइंट स्टॉक नावाच्या फिरत्या नाटक कंपनीत, मग १९८२ पासून लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये, तिथल्या वरच्या छोट्या थिएटरचा प्रमुख आणि पुढे ८७ पर्यंत अख्ख्या रॉयल कोर्टचा उपसंचालक. ज्यांना नाटकातलं कळतं त्यांना रॉयल कोर्ट म्हणजे काय हे सांगायला नको, नव्या इंग्रजी नाटकाचं ते माहेरघर आहे. नंतर बीबीसी नॉर्दर्न आयर्लंडला निर्माता, मग १९९४ ला पहिला सिनेमा शॅलो ग्रेव्ह, तोही दहा-वीस लाख पौंडांच्या आतला. आणि १९९६ ला ट्रेनस्पॉटिंग, एडिंबरातल्या हेरॉइन घेणाऱ्या पोरांचा सिनेमा, जो १९९९ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर सर्वोत्तम ब्रिटिश सिनेमांच्या यादीत दहावा आला. मुंबईत पाऊल ठेवायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आपल्याला माहीत नव्हता म्हणजे कोणालाच माहीत नव्हता असं होत नाही.

आता संडास. ह्या एका मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग आलाय कारण ह्याच्याइतकं उलटं विधान मी बऱ्याच दिवसांत वाचलेलं नाही.

स्लमडॉगमधला तो सीन सगळ्यांना आठवतो, अमिताभचा फोटो हातात धरून छोटा जमाल संडासाच्या खड्ड्यात उडी मारतो. (तो सगळा पीनट बटर आणि चॉकलेटचा राडा होता, हे तेव्हाच छापून आलंय.) बरं, आता ट्रेनस्पॉटिंग बघा. बारा वर्षं आधीचा. त्यात युअन मॅकग्रेगर, गोरा, स्कॉटिश, देखणा हिरो, सबंध स्कॉटलंडमधल्या सगळ्यात घाण संडासात हात घालतो, मग डोकं घालतो, मग अख्खाच्या अख्खा आत जातो. कशासाठी, तर पोट बिघडल्यामुळे अंगातून बाहेर पडलेल्या अफूच्या गोळ्यांसाठी. आणि आत गेल्यावर एकदम स्वच्छ निळं पाणी, त्यात तो पोहतोय. दोन्ही सीन शेजारी ठेवून बघा, एकाच माणसाच्या डोक्यातून आलेत हे लगेच कळतं. माणसाला जे जिवापाड हवंय ते घाणीच्या पलीकडे आहे आणि तो मागेपुढे न बघता उडी मारतो. एडिंबराच्या पोराला नशा हवी असते, मुंबईच्या पोराला अमिताभची सही. खरं सांगू, दोघांत जास्त माया त्यानं मुंबईच्या पोराला दिलीय, तो सही घेऊन हात उंचावून नाचतो, आणि एडिंबराचा पोरगा भिजलेला, एकटा, गोळ्या घेऊन घरी जातो. त्याच सिनेमात पुढे दुर्लक्षानं मेलेलं तान्हं बाळ आहे, हेरॉइन सोडतानाच्या यातना आहेत. हे ‘स्वतःच्या देशातली घाण’ नाही तर काय आहे?

आणि ही खोड सिनेमात आल्यावर लागली असंही नाही. १९८४ ला रॉयल कोर्टमध्ये त्यानं एडवर्ड बाँडचं सेव्ह्ड पुन्हा उभं केलं होतं. त्या नाटकात दक्षिण लंडनची रिकामटेकडी पोरं बागेत बाबागाडीतल्या बाळाला दगडं मारून मारतात. १९६५ ला ते पहिल्यांदा झालं तेव्हा सेन्सॉरनं कापाकापी मागितली, खटला झाला, आपल्याकडे गिधाडे आणि सखाराम बाइंडरच्या वेळी जे झालं त्याच जातीचं प्रकरण. तेंडुलकरांनाही तेव्हा लोक हेच म्हणाले होते की घाण दाखवतो. पुढे बेलफास्टला, म्हणजे बीबीसी नॉर्दर्न आयर्लंडमध्ये असताना बॉइलनं निर्माता म्हणून एलिफंट हा सिनेमा केला, दिग्दर्शक ॲलन क्लार्क, १९८९. जेमतेम चाळीस मिनिटं, संवाद जवळपास नाहीत, एकामागून एक अठरा खून, बस. उत्तर आयर्लंडमध्ये रोज माणसं मरत असताना लोकांच्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीनं ते दाखवलं. आपल्या घरातलं झाकणारा माणूस असलं काही करतो का?

आठ ऑस्करचं तर सरळ आहे. सिनेमाला मिळाले आठ, त्यातलं बॉइलच्या हातात दिग्दर्शनाचं एक. दोन रहमानला, गाण्याच्या ऑस्करमध्ये गुलझार वाटेकरी, साउंडच्यात रेसूल पूकुट्टी. मूळ कादंबरी विकास स्वरूप ह्यांची, ते तेव्हा आपल्याच परराष्ट्र सेवेत अधिकारी होते. पडद्यावर इरफान, अनिल कपूर, आणि आपले महेश मांजरेकर. आणि ऑस्करसाठी आखलेला डाव वगैरे म्हणणाऱ्यांनी हेही ऐका की २००८ मध्ये अमेरिकेतली वितरक कंपनीच बंद पडली आणि सिनेमा थेट डीव्हीडीवर टाकायची वेळ आली होती.

मुलांच्या बाबतीत मात्र फॉरवर्ड शंभर टक्के खोटा आहे असं मी म्हणणार नाही. कवडी दिली नाही हे खोटं: जय हो ट्रस्ट काढला, त्यातून बालकलाकारांच्या शाळेची आणि घराची सोय केली, शिक्षण पूर्ण केल्यावर मिळतील असे पैसे बाजूला ठेवले, शिवाय मुंबईतल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी प्लॅन ह्या संस्थेला पाच लाख पौंड जाहीर केले. पण दीड कोटी डॉलरच्या सिनेमानं जगभरात सदतीस कोटींच्या वर धंदा केला, त्यापुढे पाच लाख पौंड ही काही मोठी रक्कम नाही. आणि ऑस्करनंतर तीन महिन्यांत बांद्र्याच्या गरीब नगरात त्यातल्या एका पोराची झोपडी पालिकेनं पाडली तेव्हा तो अजून तिथेच राहत होता, घराची सोय त्यानंतर झाली. हे आधी व्हायला हवं होतं. लवलीन टंडनचंही तसंच. झोपडपट्टीतली मुलं घ्या, त्यांना हिंदीत बोलू द्या, हे तिनं सुचवलं, श्रेयनामावलीत तिचं नाव भारतातली सहदिग्दर्शिका असं आहे, पण नामांकनं आली ती एकट्या बॉइलला. ‘स्लमडॉग’ हे नावही मला आजतागायत आवडलेलं नाही.

आणि हे फक्त मी म्हणत नाही, बॉइल स्वतः म्हणतो. जून २०२५ मध्ये गार्डियनला दिलेल्या मुलाखतीत त्यानं स्पष्ट सांगितलंय की आज तो सिनेमा आम्हाला करता आला नसता आणि ते तसंच असायला हवं, आज तो एखाद्या तरुण भारतीय दिग्दर्शकानं करावा असंच त्याला वाटतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं ही एक मुलाखत वाचली असती तरी त्याचा अर्धा राग निवला असता. तरीही टीकाच करायची असेल तर त्याचा आधीचा सिनेमा द बीच घ्या ना. त्या शूटिंगसाठी थायलंडच्या माया बे किनाऱ्याची वाळू बुलडोझरनं हलवली, झाडं लावली, प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं. तिथे बाहेरून भलामोठा लवाजमा नेला हे चुकलं असं बॉइलच सांगतो, आणि म्हणून मुंबईत येताना त्यानं तिकडून मोजकीच माणसं आणली, बाकी युनिट इथलं. छोटे डिजिटल कॅमेरे घेऊन गल्ल्यांमधून शूट केलं. ही टीका अभ्यास करून करता येते. पण अभ्यास कोण करणार.

‘सर’ची गोष्ट तर पूर्ण उलटी. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाचा सोहळा त्यानं केला, नाइटहूड देऊ केलं ते त्यानंतर, आणि त्यानं ते नाकारलं. आपण बाकीच्यांसारखाच नागरिक असलेलं बरं असं त्याचं म्हणणं. तो सोहळा आठवा, सरकारी दवाखान्यातल्या खऱ्याखुऱ्या नर्सेस मैदानात नाचत होत्या, खाटांवर उड्या मारणारी मुलं होती, गिरण्यांची धुराडी जमिनीतून वर येत होती. ह्यात भारताच्या बदनामीचं बक्षीस कुठे शोधायचं?

नंतर काही चाललं नाही ह्यावर जास्त लिहीत नाही. १२७ अवर्सला सहा ऑस्कर नामांकनं, स्टीव्ह जॉब्स, यस्टरडे, आणि २०२५ ला ट्वेंटीएट इयर्स लेटर, ज्याचा बराच भाग आयफोनवर शूट केलाय. आणि २०११ चं नॅशनल थिएटरचं फ्रँकेन्स्टाइन, ज्यावरून हा सगळा विषय निघाला. बेनेडिक्ट कंबरबॅच आणि जॉनी ली मिलर हे दोन नट आलटून पालटून शास्त्रज्ञ आणि त्यानं घडवलेला प्राणी, एका रात्री हा निर्माता, दुसऱ्या रात्री तोच निर्मिती, दोघांना मिळून ऑलिव्हिए पुरस्कार. लॉकडाऊनमध्ये ते यूट्यूबवर फुकट दाखवलं, ३० एप्रिल २०२० ला पहिली आवृत्ती आणि दुसऱ्या दिवशी दुसरी, तेव्हा भाची आमच्याकडेच अडकली होती, नववीतली पोर, दोन्ही रात्री माझ्या शेजारी बसून बघितलं. सुरुवातीला तो प्राणी एका गोल पडद्यातून बाहेर पडतो आणि कितीतरी वेळ एक शब्द न बोलता फक्त हात, पाय, मान वापरायला शिकत राहतो, वर हजारो बल्ब लखलखतात. ती तेव्हा म्हणाली होती, मावशी, हा खोटं नाही करत आहे.

काल मी हे सगळं तिला फोनवर सांगितलं, तिनं ग्रुपवर स्पीकर लावला होता हे मला नंतर कळलं. ती चार मिनिटं राहतायत, शनिवारी तालीम आहे. ज्यांनी ज्यांनी तो फॉरवर्ड पुढे ढकललाय त्यांनी बाकी काही नाही तर संडासाची आणि ‘सर’ची अशा दोन ओळी तरी चूक आहेत असं त्याच ग्रुपवर लिहा.