बॅकअपची घाई कशाला, मालक?

मालक, कुणी काही म्हणो, तुमच्या आडत दुकानातली कॉम्प्युटरची व्यवस्था मला मनापासून आवडते. गल्ल्याशेजारी, लक्ष्मीच्या फोटोखाली, काट्यावरून उडालेली तुरीची धूळ सरळ पंख्यातून आत जाईल अशा जागी ठेवलेला एकच डबा. डब्यावर मागच्या लक्ष्मीपूजनाचं कुंकवाचं स्वस्तिक. मॉनिटरच्या कडेला सेलोटेपनं डकवलेली पासवर्डची चिठ्ठी. आणि आत शेतकऱ्यांच्या पट्ट्या, दालमिलवाल्यांची उधारी, हमाली-तोलाई, जीएसटी, धाकट्याचं नीटचं हॉलतिकीट, थोरलीचा लग्नाचा बायोडाटा. सगळा प्रपंच एका जागी, शोधाशोध नको.

अलीकडे 'रॅन्समवेअर, रॅन्समवेअर' करत काही लोक मोंढ्यात हिंडायला लागलेत. त्यांचं म्हणणं असं की कुठूनतरी एक प्रोग्राम आत शिरतो, तुमच्या फायलींना असं कुलूप ठोकतो की किल्ली फक्त त्याच्याकडं, आणि मग किल्लीचे पैसे मागतो. हे लोक आले तर चहा पाजा आणि वाटेला लावा. काय करायचं ते मी सांगतो.

आधी एक मंत्र पाठ करा: 'आपल्यासारख्या लहान माणसाच्या वाटेला कोण जाणार?' रोज सकाळी उदबत्ती लावताना म्हणायचा. चोर तुम्हाला ओळखत नाही, हे अगदी खरं आहे. तो ओळखत बसतच नाही. त्याचा प्रोग्राम इंटरनेटवरचा पत्ता न् पत्ता ठोठावत जातो आणि जे दार लोटलेलं दिसेल तिथं शिरतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण गंमतीनं म्हणतो; दोघांना खरोखर एकाच रांगेत बसवणारा आजवर हा एकटाच भेटला. २०२४ च्या जुलैअखेरीस बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीत रॅन्समवेअर शिरलं, तर एनपीसीआयनं, म्हणजे देशातली पेमेंटची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेनं, खबरदारी म्हणून देशातल्या जवळजवळ ३०० लहान बँकांचे पेमेंटचे व्यवहार तात्पुरते तोडून ठेवले. सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या त्या, आपल्याच तालुक्या-तालुक्यांत असतात तशा. पण तुम्ही मंत्र म्हणत राहा.

मग अपडेट. स्क्रीनच्या कोपऱ्यात ते अधूनमधून उगवतं आणि नेमकं सौदे चालू असताना उगवतं. 'नंतर आठवण करा' दाबायचं. जगात तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या एका भोकाला ठिगळ दिलं १४ मार्च २०१७ रोजी. त्याच भोकातून वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर आलं १२ मे २०१७ रोजी. मध्ये जवळजवळ दोन महिने होते, आणि दीडशेच्या वर देशांतल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरवाल्यांनी ते 'नंतर' म्हणत काढले. त्यांतली बहुतेक मशीनं विंडोज ७ वर चालणारी. तुमचंही विंडोज ७ च आहे ना? त्याचा सांभाळ कंपनीनं जानेवारी २०२० मध्ये सोडला आणि विंडोज १० चाही ऑक्टोबर २०२५ मध्ये. उत्तम. आता अपडेटची कटकटच मिटली.

हिशोबाचं सॉफ्टवेअर विकत घेणं हा तर निव्वळ उधळेपणा. एका क्विंटलमागं दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या माणसानं लायसन्सचे हजारो रुपये मोजावेत? त्यापेक्षा तो पोरगा बोलवा. प्रत्येक मोंढ्यात असतो. गळ्यात इअरफोन, खिशात पेन ड्राइव्ह. तो खुर्चीवर बसेल, दोन मिनिटं काहीतरी टकटक करेल आणि विचारेल, "काका, अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करू का? क्रॅक बसू देईना गेलाय." तुम्ही म्हणा, "कर की." तो बंद करेल. परत चालू करायचं त्याच्या लक्षात राहणार नाही आणि तुमच्या तर नाहीच नाही.

अशा क्रॅकच्या, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडणाऱ्या चोरट्या प्रोग्रामच्या, पोटात बसून येणारं एक खानदानी रॅन्समवेअर आहे, स्टॉप उर्फ डीजेव्हीयू. त्याचा व्यवहार बघितला तर तुम्हाला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटेल. तो प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी ठेवतो. भाव ९८० डॉलर. ७२ तासांच्या आत बोललात तर निम्मे, ४९०. आणि खात्री पटावी म्हणून तुमची एक फाइल फुकट उघडून देतो. म्हणजे नमुना! पोत्यातून मूठभर माल हातावर घेऊन फुंकर मारून बघावा, तसा आधी नमुना बघा, मग सौदा. फरक इतकाच की इथं माल तुमचाच असतो. आणि एक, पक्की पावती मिळत नाही. जीएसटीत क्रेडिट कुठलं घेणार?

पासवर्डचं म्हणाल तर दुकानाचं नाव आणि पुढं १२३. मेलला तोच, बँकेला तोच, वायफायला तोच. लक्षात ठेवायला सोपा, शिवाय मागच्या दिवाळीला भांडून गेलेल्या दिवाणजीलाही पाठ. बदलू नका, उगाच त्याचा अपमान होईल. कॉम्प्युटरमध्ये रोज बसता ते खातंही ॲडमिनचंच असू द्या. उद्या कुणी आत आला तर त्याला परवानगी मागत हिंडायला लागू नये. रात्री टॅक्सवाल्याचा मुलगा घरून रिटर्न भरतो, त्याच्यासाठी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायचं दार, उघडं ठेवा. मोबाइलवर दुसरा कोड येण्याची भानगड लावू नका. अमेरिकेत कलोनियल पाइपलाइन म्हणून तेल वाहून नेणारी मोठी कंपनी आहे. २०२१ च्या एप्रिलअखेरीस हल्लेखोर तिच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून आत शिरले. पासवर्ड फुटलेला आणि दुसरा कोड नाही. कंपनीनं ७५ बिटकॉइन मोजले, तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर. किल्ली मिळाली, पण ती इतकी मंद चालायची की शेवटी त्यांनी आपल्याच बॅकअपवरून काम उभं केलं. बघा, बॅकअप असल्यामुळं केवढा पैसा वाया गेला त्यांचा.

व्हॉट्सॲपवर जे येईल ते उघडायचं, हे तर आपल्याला शिकवायला नको. ट्रॅफिकचं चलन, पीएम किसानची यादी, पीकविम्याचा हप्ता. आणि लग्नपत्रिका! मराठवाड्यात पत्रिका आली आणि उघडलीच नाही, तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहील का? फाइलीच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नसते, मोबाइलमध्ये घुसणारं ॲप असतं, असं म्हणणारे लोक माणूसघाणे समजावेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्यानं अशीच पत्रिका उघडली आणि खात्यातून जवळपास १ लाख ९० हजार रुपये गेले. एवढा आहेर तर सख्ख्या भाचीलाही कुणी करत नाही. दुकानाच्या कॉम्प्युटरवरही हाच रिवाज पाळा. नावाच्या शेवटाला 'पीडीएफ' दिसलं की बिल समजायचं. त्याच्या मागं 'ईएक्सई' लपलेलं असतं ते विंडोज आपण होऊन दाखवत नाही, आणि दाखवायला लावायची सेटिंग शोधत बसायला आपण काय रिकामे आहोत?

आता बॅकअप. इथं मला जरा थांबायला पाहिजे, कारण मराठवाड्याचा माणूस नेमका याच ठिकाणी चुकून शहाण्यासारखा वागण्याचा धोका आहे. आपल्याला साठवणीची खोड आहे. नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतो, म्हणून गच्चीवर टाकी, अंगणात हौद, न्हाणीत ड्रम, ओट्याखाली कळशा, आणि तरी टँकरवाल्याचा नंबर पाठ. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यानंतर तर लोक बादलीसुद्धा रिकामी ठेवेनात. सायबरवाले डेटाबद्दल नेमकं हेच सांगतात: तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुकानाच्या बाहेर. टाकी, हौद आणि मेहुण्याच्या शेतातलं बोअर. मालक, ही अक्कल पाण्यापुरतीच ठेवा. डेटाला काय, तो कधी आटत नाही.

तरी घरच्यांनी फारच धरलं तर एक हार्ड डिस्क आणा आणि ती कायम कॉम्प्युटरला खोचून ठेवा. काढून कपाटात ठेवायचा विचारही करू नका. प्रोग्राम आत आला की त्याला जोडलेलं सगळं दिसतं, आणि आधी तो बॅकअपच शोधतो. विंडोजनं गुपचूप ठेवलेल्या जुन्या प्रतीसुद्धा पुसतो. डिस्क हाताशी असली म्हणजे त्याचं काम एका फेरीत उरकतं. 'आमचं सगळं क्लाउडवर आहे' असं म्हणणाऱ्यांनीही निश्चिंत असावं. इथली फाइल कुलूपबंद झाली की तिकडची आपोआप तशीच होते. जुन्या आवृत्त्या किती दिवस परत मिळतात, हे आधी बघून ठेवणं म्हणजे अभद्र बोलणं. आणि घेतलेला बॅकअप एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायचा, हा तर सरळसरळ अविश्वास झाला. डिस्कलाही मन असतं.

आपल्या भागाला एक नैसर्गिक संरक्षण मात्र आहे, त्याची म्हणावी तशी कदर होत नाही. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा प्रकार युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला. (हे 'अपडेटमधून' तेवढं चारचौघांत जरूर सांगत जा, फार उपयोगी पडतं.) मर्स्क ही जहाज कंपनी काही तासांत आडवी झाली, आपल्या न्हावाशेव्यातलं तिच्या गटाचं टर्मिनलही अडकलं. कुणी कुठल्या मशीनवर बसायचं याचा ताळेबंद ठेवणारे तिचे सर्व्हर जगभर एकमेकांच्या नकला करत चालायचे, त्यामुळं सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो एक, घानामधला. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका सर्व्हरवरून एवढा मोठा डोलारा पुन्हा उभा राहिला. आपल्याकडं ही सेवा महावितरण अधूनमधून देत असतं, आणि आपण कृतघ्न लोक इन्व्हर्टर बसवतो.

एवढं सगळं नीट पाळलंत तर एके दिवशी सकाळी शटर वर कराल आणि स्क्रीनवर चिठ्ठी असेल. शक्यतो १८-१९ तारखेला येते असा माझा कयास आहे, म्हणजे २० तारखेच्या जीएसटीआर-३बीची लज्जत वाढते. त्या क्षणी इंटरनेटची केबल आणि वायफाय तोडून ते मशीन बाकीच्यांपासून वेगळं करावं अशी दुर्बुद्धी होईल. आवरा. आधी कपाटातली जुनी डिस्क, असलीच तर, जोडून बघा की ती तरी चालते का. मग भाच्याला बोलवा आणि सगळं फॉरमॅट मारून घ्या, म्हणजे चिठ्ठीचा फोटो नाही, कुलूपबंद फायली नाहीत, पुढं कधी फुकट किल्ली निघाली तर लावायला काही नाही. अशा फुकट किल्ल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमातून मिळतात. युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी दोन अँटीव्हायरस कंपन्यांना बरोबर घेऊन २०१६ पासून तो चालवलाय. पण पोलिसांचं नाव निघालं की तुम्ही विषय बदलता, ते बरंच आहे. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर पैसे गेल्यावर लगेच लावला तर रक्कम वाटेत अडवण्याची संधी असते. म्हणून तो लावायचा तर आठवड्यानंतर लावावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानं असा हल्ला कळल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलंय. सहा तास! तेवढ्यात तर भाचाही फोन उचलत नाही.

हल्ली नुसतं कुलूप लावूनही थांबत नाहीत. आधी सगळा माल नकलून नेतात आणि मग सांगतात, पैसे द्या नाहीतर जगापुढं मांडतो. त्यात आपल्याला काय भीती? पक्का आणि कच्चा, दोन्ही हिशोब एकाच फोल्डरमध्ये होते, एवढंच.

आणि मग वसुली सुरू होते. तुम्हाला वाटेल, हिशोब गेला म्हणजे दोन्हीकडचा गेला, फिटंफाट. तसं होत नाही. ज्याचं तुमच्याकडं येणं आहे तो शेतकरी दुसऱ्याच दिवशी हजर होईल. बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली, घामानं मऊ झालेली पट्टी काढेल. क्विंटल, कट्टे, भाव, हमाली, सगळं त्यावर लिहिलेलं, खाली तुमच्याच दिवाणजीची सही. त्याला पैसे मोजून द्या. मग फोन लावा त्या दालमिलवाल्याला, ज्याच्याकडं दोन हंगामांची उधारी आहे, आणि विचारा की तुमच्याकडं आमचे नेमके किती होतात हो. तो अगदी आपुलकीनं म्हणेल,

"आता आम्हाला काय ध्यानात राहायलंय, मालक? तुमच्या कॉम्प्युटरात असंल की. बघून सांगा, लगेच पाठवतो."