ती खरी नव्हती, चहा मात्र सांडला
एका लेखात वाचलं, व्हीआरमध्ये, म्हणजे संगणकानं उभ्या केलेल्या आभासी जगात, पात्राच्या पाठीपेक्षा तोंडासमोर माणूस जास्त अंतर राखतो. पटलं. संशोधक बेलेन्सन आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या प्रयोगातही हेच दिसलं. पात्र नजरेला नजर देत असेल तर बायका आणखी लांबून जायच्या.

परवा कोल्हापुरात राजारामपुरीत भाच्याकडं तो व्हीआर चष्मा डोळ्यावर चढवला. समोरची बाई एक पाऊल पुढं आली, नजर थेट माझ्यावर. मी "सॉरी, सॉरी" म्हणत मागं सरकलो आणि टीपॉयवरचा चहा फरशीवर. भाचा म्हणतो, "मामा, ती खरी न्हाई!" ठाऊक होतं की मला!

दिवाळीत महाद्वार रोडवर खांद्याला खांदा घासतो, तेव्हा काही वाटत नाही. तिथं कोण कुणाकडं बघतंय? मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉलनं माणसामाणसांतलं वैयक्तिक अंतर दीड ते चार फूट धरलं होतं, पण साहेब आमच्या केएमटी बसमध्ये कधी चढले नसणार.